कार्डाच्या मागचा नंबर

सकाळचे दहा. डुलुथला सरोवर अजून गोठलेलंच.
एल्ना निएमी, वय अठ्ठ्याहत्तर,
कॉफीत रस्क बुडवते आहे
तेवढ्यात फोन वाजतो.

"मिसेस निएमी? एल्ना म्हटलं तर चालेल ना?"
तरुण आवाज. तोंडात खडीसाखर.
अकरा दिवसांत तिला नावानं हाक मारणारं
हे पहिलंच माणूस.
दुकानातली पोरगी 'मॅम' म्हणते, ते धरायचं नाही.

तो सांगतो, विम्याचं कार्ड बदलतंय,
कागदाचं जाऊन प्लास्टिकचं येणार, आत चिप असलेलं,
आज बारापर्यंत नोंद झाली नाही
तर उद्यापासून गोळ्या, डॉक्टर, सगळं खिशातून.
पैसे? छे, एक सेंटही नाही.
फक्त कार्डावरचा नंबर वाचून दाखवा.
हळूहळू वाचा, घाई नाही.

घाई नाही, पण बाराच्या आत.

त्याला कुणी सांगितलं नसावं
की बावीस वर्षं ही बाई टेलिफोन एक्स्चेंजात बसली,
कानावर हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ.
खोटं बोलण्याआधी माणूस श्वास कुठे घेतो
हे तिला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं.
ती त्याचं बोलणं ऐकतच नाही.
त्याच्या मागची खोली ऐकते.

तिथे एक बाई म्हणते आहे, "हळूहळू वाचा, घाई नाही."
तिच्याही मागे कुणी, "एक सेंटही नाही."
आणि पार भिंतीपाशी एक जण खोकतो,
पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

या थंडीत डुलुथला पाल कुठली जगायला,
पण मनातली चुकचुकते.

कार्ड समोरच, फ्रिजवर, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली.
हात अर्ध्यापर्यंत गेलाही होता.
हे ती कुणाला सांगणार नव्हती. मला सांगितलं.

"बाळा," ती म्हणाली, "कार्ड तूच पाठवतोयस,
मग नंबर तुझ्याकडे असेलच की."
पलीकडे कागदांची सळसळ.
याचं उत्तर बहुधा दुसऱ्या पानावर होतं.
ते सापडेपर्यंत तिने फोन ठेवला.

मग चष्मा पुसला, कार्ड उलटं केलं
आणि मागे छापलेला नंबर स्वतः फिरवला.
चाळीस मिनिटं एकच बासरी.
शेवटी एक बाई, कंटाळलेली: नाही हो, काहीसुद्धा बदलत नाहीये.
कंटाळा खरा होता. विश्वास बसला.

तेव्हा तिला मर्ल आठवला, पलीकडच्या घरातला,
जहाजावरचा जुना आचारी,
आणि त्याच्या ओसरीवर आठवडाभर पडलेली खोकी.
बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून ती बर्फावरून गेली.

खोकी आता न्हाणीघरात, पडद्यामागे.
गुडघ्यांचे पट्टे चार, कमरेचा एक.
"गुडघे दुखतात?"
"नाही."
"मग?"
मग एक ईमेल होता. निळं बोधचिन्ह, वर 'प्रिय लाभार्थी',
खाली एक बटण.
मर्लने सांगितलं ते जमिनीकडे बघून.
चोर केव्हाच निघून गेला होता,
कडी मात्र यानेच आतून लावून घेतलेली.

दोघांनी मिळून विम्याचं विवरणपत्र वाचलं, ओळीवर बोट ठेवत.
"चौदा तारखेला तू फ्लोरिडात, हाडांच्या डॉक्टरकडे."
"मी? मी बर्फाला भोक पाडून बसलो होतो."
"काही मिळालं?"
"एक. बोटभर."
ती हसली, मग तोही,
आणि मग त्याने फोन उचलला, तक्रार लिहून द्यायला.

निघताना ती दारात थांबली.
"रोज दहाला मला फोन करत जा."
"काय बोलू?"
"नाव घे. पुरे."

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी.
"एल्ना," तो म्हणाला, आणि पुढे काय ते विसरला.
तिने कान दिला.
त्याच्या मागच्या खोलीत
किटली उकळत होती. एवढंच.